जर्मनीला शाळेच्या एक्सचेंजवर जाताय? पाहुणेपणा घरी ठेवून जा

पुण्या-मुंबईतल्या कितीतरी शाळांत जर्मन शिकवतात आणि त्यातल्या काहींची जर्मनीतल्या एखाद्या शाळेशी जोडी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली मुलं तिकडे दोन-तीन आठवडे राहतात, दिवाळीच्या सुमारास तिकडची मुलं आपल्याकडे येतात. हॉटेल नाही, सहल कंपनी नाही. जोडीदाराच्या घरी राहायचं आणि त्याच्याबरोबर त्याच्या शाळेत जायचं. नववी संपल्यावर मी अशीच श्टुटगार्टजवळ गेले होते. (दहावीचे जादा तास बुडणार यावरून घरी झालेला वाद वेगळा.) आता दर वर्षी पुढची तुकडी निघाली की तेच प्रश्न माझ्या फोनवर येतात: जेवणाचं काय, पैसे किती, जर्मन नीट येत नाही तर चालेल का.

उत्तरं खाली क्रमाने लिहिलीत. पण खरी अडचण यातल्या कशाचीच होत नाही, आपल्या चांगल्या वळणाची होते. कोणी काही दिलं की आधी ‘नको’ म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं, मोठ्यांसमोर गप्प बसायचं, आपल्यामुळे कुणाला त्रास नको. जर्मन घरात पहिलं ‘नको’ हेच शेवटचं ‘नको’. तुम्ही लाजून मान हलवता, यजमान बाई शांतपणे भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तुम्ही रात्री बॅगेतली चिक्की शोधत बसता. त्यांनी अपमान केलेला नसतो, तुमच्या शब्दाला मान दिलेला असतो.

पायरी १ : एक्सचेंज कोणतं ते नीट समजून घ्या

दोन प्रकार असतात. एक शाळा-ते-शाळा: थोड्या आठवड्यांचं, शिक्षक बरोबर असतात, आणि परतफेड ठरलेली असते, म्हणजे तुम्ही ज्याच्या घरी राहिलात तो तुमच्या घरी राहणार. दुसरं सत्राचं किंवा अख्ख्या वर्षाचं. ते एएफएस किंवा रोटरी यांसारख्या संस्थांमार्फत होतं. तिथे निवड, मुलाखती, खर्च सगळंच मोठं. या लेखात पहिल्या प्रकाराबद्दलच आहे.

अर्ज भरण्याआधी घरी एकच गोष्ट स्पष्ट करून घ्या: तिकडचा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे येऊन राहणार, त्याला घरच्यांची तयारी आहे का? स्वतंत्र खोली लागतेच असं नाही, पण ‘तेव्हा बघू’ हे उत्तर चालणार नाही. तिकीट काढून झाल्यावर ‘आमच्याकडे नाही जमणार’ म्हणणारं एखादं घर प्रत्येक तुकडीत निघतं आणि शिक्षकांच्या तोंडचं पाणी पळतं.

पायरी २ : कागदपत्रं

नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज व्हीएफएसच्या (दूतावासासाठी व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात द्यायचा, आणि बारा वर्षांपुढच्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे स्वतः जावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, तेव्हा अपॉइंटमेंट लवकर घ्या.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अठरा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो. आजीबरोबर दुबईला गेलात तेव्हा काढलेला असेल तर आजच कपाटातून बाहेर काढून तारीख बघा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. यजमान शाळेचं निमंत्रणपत्र, आपल्या शाळेचं पत्र, जन्मदाखला आणि आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र हेही जोडायचं. वडील जहाजावर किंवा परदेशी नोकरीत असतील तर त्यांच्या सहीची सोय आधीच करा. बहुतेक फायली तिथेच अडतात.

हे फार कुणाला माहीत नसतं: शिक्षणासाठी जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेन नियमांत व्हिसा फी माफ आहे. केंद्राचा सेवाशुल्क तरीही द्यावा लागतो. एरवी बारा वर्षांपुढच्या व्यक्तीला ही फी ९० युरो पडते, म्हणून शाळेच्या पत्रात ‘शालेय एक्सचेंज’ हा हेतू स्वच्छ लिहिलेला असू द्या आणि खिडकीवर विचारा. विचारायला लाजू नका. सराव इथूनच सुरू होतो.

पायरी ३ : माहितीचा फॉर्म खरा भरा

जोडीदार ठरवण्यासाठी दोन्हीकडून एक फॉर्म भरून घेतात. आपली मुलं त्यात ‘वाचन, संगीत, क्रिकेट’ लिहितात आणि खाण्याच्या रकान्यात ‘शाकाहारी’. एवढ्याने तिकडच्या माणसाला काहीच कळत नाही. अंडं चालतं का? केकमधलं चालतं पण ऑम्लेट नाही, असं असेल तर तसं लिहा. जिलेटिन चालतं का? ज्या रंगीत चघळायच्या गोळ्या तिथे मुठीने वाटल्या जातात, त्यांत ते बहुधा असतं. उपवास, दमा, शेंगदाण्याची अॅलर्जी, रात्री दिवा लागतो, कुत्र्याची भीती वाटते, सगळं लिहा. कुत्रा तिथे घरातला सदस्य असतो आणि सोफ्यावर त्याची जागा ठरलेली असते. आधी सांगितलं तर शाळा दुसरं घर बघते. पोहोचल्यावर सांगितलं तर कुत्रा कुठे जाणार?

जोडी ठरली की निघण्याआधी दोन-तीनदा व्हिडिओवर बोला. भाषेची काळजी नको. तिकडच्या मुलांचं इंग्रजी चांगलं असतं, त्यांच्या आजीचं नसतं. तुमचं मोडकंतोडकं जर्मन आजीसाठी राखून ठेवा, ती सगळ्यांत जास्त खूश होईल. फक्त श्टुटगार्टकडे आजी-आजोबा श्वेबिश ही तिकडची बोली बोलतात आणि ती तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या जर्मनला ओळखही दाखवत नाही.

पायरी ४ : बॅग

कपड्यांबद्दल थोडक्यात: जूनमध्येही एक दिवस तीस अंश आणि दुसऱ्या दिवशी पावसात बारा अंश असू शकतात. एक जॅकेट, चालायचे बूट, पोहण्याचे कपडे, आणि घरात घालायला स्वच्छ सपाता. सपाता विसरू नका, तिथे घरोघरी वापरतात. फोनचा दोन पिनांचा चार्जर तिकडच्या सॉकेटात जातो आणि वीजही २३० व्होल्टचीच आहे. तीन पिनांचं काही नेत असाल तरच अॅडॅप्टर लागेल. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा.

खाऊचं प्रकरण मात्र नीट वाचा, कारण बॅग आई भरणार आहे. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत (केळी, नारळ, खजूर, अननस असे मोजके अपवाद), तेव्हा यजमानांसाठी हापूसची पेटी हा बाबांचा उत्साह आवरा. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या सामानात घेत नाहीत, कारण त्या तापून पेट घेऊ शकतात. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखस अजिबात नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि अनारसे खसखशीवरच थापलेले असतात. मग उरतं काय? बाकरवडी (अमिरातीमार्गे जाणार असाल तर सारणात खसखस नाही ना ते बघून), चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चकल्या, चहाचा मसाला. भरपूर झालं. बाकरवडी पहिल्याच संध्याकाळी संपते, त्यामुळे दोन पाकिटं न्या.

भेटवस्तू लहान आणि घराच्या उपयोगाची असू द्या: खणाची पिशवी, वारली चित्राचे कोस्टर, तांब्याचा छोटा तांब्या. देताना त्यावर स्वस्तिक नाही ना, ते तपासा. हे गंमत म्हणून सांगत नाही. नाझींचं चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं आणि कितीतरी जुनं हे खरं, पण ट्राममध्ये शेजारी बसलेला माणूस तुमच्या पिशवीकडे बघून इतिहासाचा तास घेणार नाही. तोरण, कुंकवाची डबी, रांगोळीचे स्टिकर, देवाचं लॉकेट, वहीच्या पहिल्या पानावर आजीने काढून दिलेलं शुभचिन्ह, सगळं एकदा बघून घ्या. आणि आपल्याकडे कडक शिक्षकाला ‘हिटलर’ म्हणतात तो विनोद इथेच सोडून जा.

पायरी ५ : पहिली संध्याकाळ

स्टेशनवर किंवा विमानतळावर यजमान कुटुंब घ्यायला येतं. हात पुढे करा, डोळ्यांकडे बघून नाव सांगा. वाकून नमस्कार केलात तर ते गोंधळतील. त्यांना काय म्हणायचं? आधी ‘झी’, म्हणजे आपलं ‘अहो-जाहो’. बहुतेक यजमान लगेच स्वतःच्या पहिल्या नावाने आणि ‘डू’ने, म्हणजे ‘अरे-तुरे’ने, हाक मारायला सांगतात. जोडीदाराच्या आईला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळेल. काका-मावशी म्हणायची तिकडे पद्धत नाही, तरी आमच्यातल्या एकीने समजावून सांगून ‘मावशी’ सुरू केलं आणि त्या बाईंना ते इतकं आवडलं की मेलखाली त्या तशीच सही करू लागल्या.

घर दाखवतील तेव्हा विचारून घ्या: वाय-फाय, खिडकी कशी उघडते (मूठ आडवी केली की दारासारखी, वर केली की नुसती वरून कलते), सकाळी बाथरूमची पाळी कुणाची कधी, नाश्ता किती वाजता, कुठलं टॉवेल माझं. बाथरूमबद्दल एक इशारा. फरशीला बहुधा मोरी नसते. पाणी शॉवरच्या चौकटीतच राहिलं पाहिजे. बाहेर सांडलं तर पुसून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर येईल. बादली-तांब्या नाही, टॉयलेटमध्ये कागद आहे. छोटी प्लॅस्टिकची बाटली बरोबर असली की प्रश्न मिटतो. मुलग्यांसाठी: लघवीलाही बसायचं, बऱ्याच घरांत तशी पाटीच असते.

रात्रीचं जेवण. दुपारी गरम आणि रात्री थंड, अशी अनेक घरांत रीत आहे: पाव, चीज, लोणी, काकडी, टोमॅटो, सॉसेज, सगळं लाकडी पाटावर मांडलेलं. आपल्याला वाटतं ही सुरुवात आहे, भात मागून येईल. मागून काही येत नाही. तेच जेवण आहे, तेव्हा पोटभर खा. वाढायला कोणी उठणार नाही, स्वतः घ्यायचं. भूक असेल तर ‘अजून घेऊ का?’ विचारा. आवडलं नसेल तर ‘हे मला नको, पण चीज घेईन’ असं सांगितलेलं त्यांना बरं वाटतं. ताटात उरलेलं मात्र खटकतं.

श्टुटगार्टच्या बाजूला शाकाहाऱ्याचा तारणहार म्हणजे केझेश्पेट्सले: अंडं घातलेल्या पिठाचे ओबडधोबड शेवसदृश तुकडे, वर वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा. तिकडची मसुराची डाळही श्पेट्सलेबरोबर खातात. दिसायला आपल्या आमटीची बहीण, पण व्हिनेगर घातलेली. तीत डुकराचं मांस टाकलंय का ते विचारा, बहुधा असतं. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो आणि अख्खा देश तिच्या मागे वेडा झालेला दिसतो. मला ती फार काही वाटली नाही, पण हंगामाच्या आंब्याबद्दल आपणही कुणाचं ऐकून घेत नाही. आठवडाभराने जीभ रुसली की यजमानांना सांगून एक दिवस तुम्ही खिचडी करा. तांदूळ, मसूर, हळद, जिरं सगळं सुपरमार्केटात मिळतं. गावठी दिसेल म्हणून संकोचू नका.

घरी बोलायची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो: तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडचे साडेनऊ. आई दिवसातून चारदा व्हिडिओ कॉल करत राहिली तर तुम्ही दोन्ही घरांत अर्धवट असता.

पायरी ६ : शाळा

पावणेआठ-आठला पहिला तास. आपण दहा मिनिटं आधी उठून पोहोचू शकत नाही, कारण ट्राम आपली वाट बघत नाही. गणवेश नाही. शिक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ नाही, तर ‘हेर’ किंवा ‘फ्राऊ’ आणि आडनाव. उत्तर द्यायला तर्जनी वर करायची. गुण एक ते सहा, आणि एक सर्वांत चांगला. जोडीदार ‘मला एक मिळाला!’ म्हणून उड्या मारत असेल तर सांत्वन करू नका.

सगळ्यांत मोठा धक्का वर्गातल्या बोलण्याचा. तोंडी सहभागाला तिथे खरोखरीचे गुण असतात, बऱ्याच विषयांत लेखी परीक्षेच्या तोलाचे. मुलं शिक्षकांशी असहमत होतात, शिक्षक ‘का?’ विचारतात आणि पुढे सरकतात. आपण गप्प बसतो ते आदराने, त्यांना वाटतं विषय कळला नाही किंवा कंटाळा आलाय. गणितात तुम्ही त्यांच्या पुढे असाल, तिथून सुरुवात करा. इंग्रजीच्या तासालाही हात वर करा. इतिहासाच्या तासाला आधी ऐका. नाझी राजवट तिथे सविस्तर आणि गंभीरपणे शिकवतात, एखाद्या दिवशी डाखाउसारख्या छळछावणीच्या स्मारकालाही नेतात. १९३३ मध्ये सुरू झालेली ही छावणी म्युनिकजवळ आहे. तिथे सेल्फी नाही. शहरातल्या फुटपाथवर जडवलेले पितळी चौकोन दिसतील, त्यांवर त्या घरातून नेलेल्या माणसांची नावं आणि तारखा असतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेलं हे काम आहे. जोडीदाराला विचारलंत तर तो बोलेल. तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त बोलेल.

तुम्हाला भारतावर दहा मिनिटं बोलायला सांगतील. ताजमहाल नको, तो त्यांनी पाहिलाय. तुमची सोसायटी, शाळेची व्हॅन, ढोलपथकाचा सराव, लोकलच्या डब्यातली चौथी सीट, हे दाखवा. नंतर प्रश्न येतील: जात, ठरवून केलेली लग्नं, झोपडपट्टी, गायी. चिडू नका, ‘असं काही नसतं’ असंही म्हणू नका. जे माहीत आहे ते सांगा, माहीत नाही तिथे तसं सांगा. मग तुम्हीही विचारा.

पायरी ७ : बाहेर पडताना

तिकीट काढूनच चढा. दारात फाटक नसतं, त्यामुळे फुकट वाटतं, पण तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि दंड ६० युरो. काही शहरांत छापील तिकिटावर यंत्रात शिक्काही मारावा लागतो, तोपर्यंत ते चालत नाही. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलवर लाल माणूस दिसत असताना ओलांडू नका, विशेषतः लहान मुलं उभी असतील तर. कुणीतरी आजोबा ओरडतीलच.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी खरेदी उरका. रविवारी काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्याही नाहीत, आवाज होतो म्हणून. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली फेकू नका, तिच्यावर २५ सेंट अनामत असते आणि सुपरमार्केटातल्या यंत्रात घातली की परत मिळते. तशी नळाचं पाणी पिता येतं, बाटली घेण्याची गरजच नाही. घेतलीत तर फसफसणारं नाही ना, ते बघा. थोडी रोकड जवळ ठेवा, काही बेकऱ्यांत कार्ड नाकारतात. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०.

कचऱ्याच्या डब्यांचे रंग पहिल्याच दिवशी यजमानांकडून शिकून घ्या. फ्लॅटमध्ये राहणार असाल तर दारावर एक छोटी पाटी लटकलेली दिसू शकते: या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या बाजूला, ही पाळी फार मानतात. झाडू हातात घ्या. भांडी डिशवॉशरमध्ये लावण्याने जेवढी ओळख वाढते तेवढी भेटवस्तूने वाढत नाही.

पायरी ८ : बिनसलं तर

कधीकधी जोडी जमत नाही. जोडीदार आपल्या मित्रांत रमतो, तुम्ही खोलीत एकटे. आधी त्यालाच सरळ सांगा: मला उद्या तुमच्याबरोबर यायचंय. तो लाजाळू असेल, किंवा तुम्हाला विश्रांती हवी असं समजत असेल. खोलीचं दार बंद असणं म्हणजे राग नव्हे. घरात असुरक्षित वाटलं, कुणी दारू प्यायचा आग्रह केला, कुणाचं वागणं खटकलं, तर त्याच दिवशी सोबतच्या शिक्षकांना फोन करा. ‘कशाला तक्रार, थोडेच दिवस राहिलेत’ असं म्हणू नका. घर बदलता येतं, आणि तुमच्या आधीही बदललेलं आहे.

पायरी ९ : ते येतात तेव्हा

आता भूमिका उलट. तो ‘नको’ म्हणाला की नको. आजीला हे चार दिवस आधी सांगून ठेवा, कारण तिसरी पुरणपोळी ती न विचारता वाढणार आणि तो सभ्यपणे ती संपवून आजारी पडणार. प्यायला उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणी, दात घासायलासुद्धा. पहिले दोन दिवस बाहेरची पाणीपुरी नाही. स्कूटरवर बसवाल तर हेल्मेट हवंच, आणि त्याच्या आई-वडिलांची परवानगी आधी घ्या. रोज संध्याकाळी नातेवाइकांची रांग लावू नका. त्याला दिवसातून तासभर एकटं राहू द्या, तो नाराज नसतो. दिवाळीच्या पहाटे फटाके कानाशी वाजतील हे आदल्या रात्री सांगा.

परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद करावी लागते (या फॉर्मला आधी सी-फॉर्म म्हणत). शाळा करते की घराने करायची, हे आधी विचारून घ्या. त्यासाठी पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचे फोटो लागतात, ते त्याच्याकडून आदल्या आठवड्यात मागवून ठेवा.